फुकटच्या डेटाबेसचा मालक कोण?

किस्से साठतात ते लग्नघराबाहेरच्या चपलांसारखे. कोणी मुद्दाम साठवत नाही, पण निघायच्या वेळी बघावं तर ढीग, आणि पायात येते ती भलत्याचीच. या ढिगातल्या काही माझ्या भाचीच्या ऑफिसातल्या आहेत.

भाची म्हणजे सुभद्रा. चेन्नईची नोकरी सोडून तंजावूरला आली आणि राजवाड्यामागच्या गल्लीत, आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत बसून ओपन सोर्स, म्हणजे कोणालाही फुकट मिळणाऱ्या, डेटाबेसचा सपोर्ट देते. डेटाबेस म्हणजे काय ते मला विचारू नका. मी आठवीपर्यंत शिकलो, पुढे मास्तरांनी हात जोडले. पण आवाज खणखणीत, म्हणून फोन मी घेतो.

माझी बहीण, म्हणजे सुभद्राची आई, तिने एकच अट घातली होती. "पोंगलपर्यंत वर्षाचा करार करणारं एक तरी गिऱ्हाईक आण. नाहीतर मुकाट्याने चेन्नईची गाडी धर." सुभद्राला तंजावूर सोडायचं नव्हतं. मला सुभद्राला सोडायचं नव्हतं, कारण फोन गेला तर मी दिवसभर चेष्टा कोणाची करू?

*

पहिले आले ओरत्तनाडूचे भातगिरणीवाले. खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं, "फुकट आहे म्हणता. मग खोट काय त्यात?"

सुभद्रा समजावू लागली. मी मध्येच तोंड घातलं. "अहो अय्या, तुमच्या गावच्या अन्नछत्रात राजाने फुकट जेवण ठेवलं होतं. त्यात काय खोट होती?"

"खोट कशाला असेल? पण तिथे पान मांडायला, वाढायला माणसं होती."

"ती माणसं म्हणजे आम्ही."

सुभद्राने माझ्याकडे असं पाहिलं, की वाटलं आता नोकरीत बढती मिळणार. गिरणीवाले उठले. "छान समजावलंत. जेवण घेऊन जातो. पान माझा मेव्हणा मांडेल."

*

एक रिटायर्ड अधिकारी होते. त्यांनी नातलगाच्या खताच्या दुकानात डेटाबेस बसवून घेतला होता. फोनवर म्हणाले, "याच्या मालकाला लाइनवर घ्या."

"सार, याला मालक नाही. जगभरातली माणसं मिळून बनवतात."

"मालक नाही? मग मी ओरडायचं कोणावर?"

प्रश्न रास्त होता. आयुष्यभर ज्याने हाताखालच्यांवर ओरडून कामं करून घेतली, त्याने हवेत ओरडावं की काय? म्हटलं, "माझ्यावर ओरडा. सकाळच्या कॉफीनंतर मी रिकामाच असतो."

ते खरंच रोज ओरडू लागले. आधी डेटाबेसवर, मग सुनेवर, मग पालिकेच्या गटारावर. मी मधून मधून "सरी, सार", म्हणजे "बरं, साहेब", म्हणायचो. शेवटी सुभद्राने फोन हिसकावून घेतला आणि कराराचं विचारलं.

"करार कशाला?" ते म्हणाले. "सपोर्ट तर मिळतोच आहे. फार बरं वाटतं."

*

रेशमी साड्यांच्या दुकानातल्या कमलाबाई आपल्याच, पिढ्यान्‌पिढ्या तंजावूरला राहिलेल्या मराठी माणसांपैकी. त्यांची भीती निराळी. "याचा कोड म्हणे जगाला दिसतो. मग माझा हिशेबही जगाला दिसणार?"

मी म्हटलं, "अक्का, सांबाराची कृती साऱ्या जगाला ठाऊक आहे. म्हणून कोणी तुमच्या घरात शिरून पातेल्यावरचं झाकण काढून बघतं का?"

"सासूबाई बघतात."



*

डोळ्यांच्या डॉक्टरांचा फोन आला नवरात्रातल्या सरस्वतीपूजेच्या दिवशी. कॉम्प्युटर बंद पडलाय, उद्या सकाळी पेशंटांची रांग लागणार.

"डॉक्टर, आधी एकदा बंद करून चालू करा," सुभद्रा म्हणाली.

"आज चालू करता येणार नाही. त्याची पूजा झाली आहे. उद्यापर्यंत हात लावायचा नाही."

"मग बंद पडलाय हे कसं कळलं?"

"पूजेच्या वेळी चंदन लावलं आणि त्याचा दिवाच गेला."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. मशीनला चंदन, कुंकू, झेंडूची माळ. पेनड्राइव्ह घालायच्या भोकात तर चंदन असं भरलं होतं, जसं मोदकात सारण. बॅकअप होता त्या पेनड्राइव्हलाही टिळा. सुभद्रा टूथपिक घेऊन बसली आणि तासाभरात सगळं सुरू केलं.

डॉक्टरांनी मशीनला नमस्कार केला. मी हळूच विचारलं, "सार, वर्षाचा करार करू या का?"

"सरस्वतीशी आहे ना," डॉक्टर म्हणाले. "तिने बघा, तुम्हाला कसं वेळेवर पाठवलं."

*

पोंगल अगदी तोंडावर आला. बहिणीने माळ्यावरची बॅग काढून उन्हात टाकली. उरलं होतं एकच गिऱ्हाईक, आमच्या मराठी कुटुंबांचं वधूवर मंडळ. अध्यक्ष कृष्णराव, माझे आठवीपर्यंतचे वर्गमित्र. ते पुढे हेडमास्तर झाले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, पण धोतराची इस्त्री मोडलेली नाही.

सुभद्राने मंडळाला सांगितलं होतं, "प्रत्येकाला वेगळा नंबर द्या." तर मंडळी रागावली. "नंबर गुरांना देतात. आम्ही माणसं नावाने ओळखतो." मग नावावरच सगळं बसवलं.

आता आमच्याकडची रीत अशी, की नावाआधी बापाच्या नावाचं पहिलं अक्षर लावायचं आणि थोरल्या नातवाला आजोबांचं नाव द्यायचं. कृष्णरावांचे वडील वेंकटराव, मुलगाही वेंकटराव, आणि नातू पुन्हा कृष्णराव. म्हणजे आजोबा व्ही. कृष्णराव आणि नातूही व्ही. कृष्णराव. कृष्णरावांनी फॉर्म चालतो का बघायला आधी स्वतःचीच माहिती भरली होती. पुढे नातवाची भरली, तेव्हा कॉम्प्युटरने दोघांना एकच माणूस समजून जोडून टाकलं. फोटो आणि वय आजोबांचं, 'स्थळ पाहिजे' नातवाचं. आणि ते सगळीकडे गेलं.

तिरुवैयारूहून उत्तर आलं. वीणा शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई, लग्न केलेलं नाही. लिहिलं होतं, 'फोटो पसंत आहे. सोमवारी दुपारी भेटायला येते.'

 करार गेला, तंजावूर गेलं. आम्ही कृष्णरावांकडे गेलो. ते झोपाळ्यावर बसले होते, हातात तेच उत्तर.

"अण्णा, फार मोठी चूक झाली," सुभद्रा म्हणाली. "आत्ता दुरुस्त करते. त्या बाईंना फोन करून माफीही मीच मागते."

कृष्णरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. 

"करार वर्षाचा कर," ते म्हणाले. "आजच सही करतो. सगळ्यांना वेगळे नंबर दे. नातवाचं नाव काढून वेगळं घाल."

"आणि तुमचं, अण्णा?"

"ते मंगळवारी बघ."