वर्ना टारचा फाटका हातमोजा

वर्ना टार आमच्या तुकडीत आली तेव्हा चौपन्न वर्षांची होती. त्याआधी चिंकोटीग बेटाच्या मासळी-धक्क्यावर तिनं वीस वर्षं कालवं सोलली होती. अंतराळ स्थानकाकडे जाणाऱ्या मालवाहू यानात पिशव्या रचायचं काम तिला त्या सराईत हातांमुळेच मिळालं. यानात माणूस नसतो. आत काही सुटलं तर धरायला कोणी नाही. म्हणून प्रत्येक पट्टा ती स्वतः ओढून बघायची.

ऑक्टोबरातल्या त्या सकाळी शेवटच्या पिशव्या बांधून ती बाहेर आली. दार बंद झालं. तिनं हातमोजे काढले आणि थबकलीच. डाव्या अंगठ्याचं टोक गायब होतं. नखाएवढा तुकडा.

"आत राहिलाय," ती मला म्हणाली.

"आधीच फाटलेला असेल."

"घालताना दोन्ही बघून घातले होते, अर्ल."

आमचा मुकादम हॉलिस बंटिंग तणतणत आला. "आता दार उघडलं तर उद्याचं उड्डाण गेलं. मग वारा चार दिवस सोडायचा नाही. एका चिंधीसाठी, वर्ना?"

"वर स्थानकात तरंगत हवेच्या कुठल्या पंख्यात जाईल, सांगता येतं तुला?"

"हे कुणाच्या नावावर जाईल, कळतंय ना?"

"माझ्या. लिही आणि दार उघड."

दार उघडलं. आत एकालाच जागा होती. बॅटरी घेऊन ती सरपटत गेली. चाळीस मिनिटं आम्हाला फक्त तिचा श्वास ऐकू येत होता. हॉलिस येरझाऱ्या घालत होता.

"सापडला," ती बाहेर येत म्हणाली. "पण हॉलिस, तू आत जाऊन बघ."

तुकडा एका पट्ट्याच्या कडीत अडकला होता, त्यामुळे कडी पुरती बसलीच नव्हती; ओढून बघताना तेवढी टिकली होती. हॉलिसनं बोट लावलं, तशी ती सुटली. त्या पट्ट्यावर चाळीस किलोची पिशवी होती. हॉलिस बाहेर आला तो पांढराफटक पडून. उशीर मात्र त्यानं वर्नाच्याच नावावर लिहिला. कडी तिनंच पुन्हा बसवली.

पुढचे चार दिवस ती एकटीच जेवली. "हिच्यापायी थांबलोय," असं लोक तिला ऐकू जाईल इतपत बोलायचे.

पाचव्या दिवशी दुपारी यान घेऊन रॉकेट उडालं. खाडीकाठी आम्ही सगळे माना वर करून उभे. ती जमिनीकडे बघत ओठांनी सेकंद मोजत होती.

दोन दिवसांनी स्थानकाच्या यांत्रिक हातानं यान पकडलं आणि तिथल्या लोकांनी दार उघडलं. हॉलिसनं तिला फोन केला. "धरलं गं. आतलं सगळं जागच्या जागी आहे."

"बरं," म्हणून तिनं फोन ठेवला. मग स्वयंपाकघरात जमिनीवर बसून ती कितीतरी वेळ हुंदके देत होती, असं तिच्या मुलीनं मला सांगितलं.