तीन नंबरचं गेज

माझ्या थोरल्या भावाला आम्ही घरात नुसतं भाऊ म्हणत असू. तो गेल्याला आता बरेच महिने झाले. त्याच्याविषयी लिहायचं म्हणून बसते, चार ओळी लिहिते आणि थांबते, कारण त्याच्या आधी त्याचा ट्रकच डोळ्यांपुढे येतो.

स्वातंत्र्य मिळून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. लढाईतल्या उरलेल्या मोटारी सरकार तेव्हा विकत होतं. डिस्पोजलच्या गाड्या म्हणत त्यांना. तसला एक ट्रक भाऊनं घेतला आणि गोंदियाच्या एका राइस मिलचे तांदळाचे कट्टे, म्हणजे पोती, तो वाहू लागला. बाकीचे ड्रायव्हर टायरवर टामीचा लोखंडी दांडा आपटत आणि आवाजावरून हवेचा अंदाज करत. भाऊला ते पटत नसे. म्हणायचा, "उपाशी असलो का येगळा आवाज येते, जेवलो का येगळा. कानाचा का भरवसा?"

म्हणून त्यानं नागपुरातून हवा मोजायची गेजं आणली. जुन्या लष्करी सामानाच्या व्यापाऱ्याकडे तीन मिळाली, ती तिन्ही उचलली. दोन एकाच डब्यातली होती, कोरी, चकचकीत. तिसरं पितळेचं, वापरून काळं पडलेलं. पेन्सिलीएवढी नळी, टायरच्या तोंडाशी दाबली की मागून आकडे कोरलेली कांडी बाहेर येई आणि परत ढकलेपर्यंत तिथंच राही.

कोणतं खरं ते ठरवायला भाऊनं आपल्या दोस्ताला बोलावलं. दोस्ताचाही ट्रक होता. दोघं एकाच वेळी मोटार शिकलेले, एका ताटात जेवलेले. आकडे इंग्रजीत आणि बारीक, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होते. घोटाळा नको म्हणून कंपासपेटीतल्या कर्कटकाच्या टोकानं मी तिन्ही नळ्यांवर १, २, ३ असे आकडे कोरले. त्या दोघांचं तिकडे लक्ष नव्हतं.

टायर एकच. पहिल्या गेजानं सत्तर पौंड दाखवले, दुसऱ्यानंही सत्तर. तिसऱ्याची कांडी साठाच्याही खाली थांबली. पुन्हा लावून पाहिलं, तरी तेच.

"झाला फैसला," दोस्त म्हणाला. "तीन पंच बसले, दोघायनं एक सांगतलं. तिसरा खोटा."

आमच्या गावात भांडणं अशीच मिटत. भाऊनं मान डोलावली. वहिनी दारात तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करताच ती म्हणाली, "अन् ते दोघं एकाच घरचे असतीन तं?"

"वयनी, तुमाले पंचात घेऊन रायलो आता," दोस्त म्हणाला, आणि आम्ही सगळेच हसलो. पितळेचं गेज त्यानं खिशात टाकलं. "फेकतो कायले? घरी पोट्टे खेळतीन."

पुढच्या वर्षभरात भाऊच्या ट्रकचे टायर दोन्ही कडांनी झिजू लागले. मधला भाग नवा राही आणि कडा गुळगुळीत होत. नवे टायर घातले, त्यांचीही तीच गत झाली. हवा कमी असली तरी टायर तसा झिजतो, आणि माल जास्त भरला तरी तसाच. पण भाऊ रोज सकाळी हवा मोजतो हे साऱ्या मोटार स्टँडला ठाऊक होतं. मग उरलं ते दुसरंच कारण, चोरून भरलेला जादा माल.

"मिलचे कट्टे खाली, अन् वरून कोनाचे रे?" कोणीतरी विचारी. "तुह्या टायरालेच विचारतो थांब." चहाच्या टपरीवर हसू उठे. भाऊ घरी येऊन हे सांगे तेव्हा तोही हसायचा प्रयत्न करी. मग गेजं काढून बसे. एक लावी, दुसरं लावी, मी आकडे वाची. दोन्ही तेच सांगत. "हवा तं बरोबर हाय," तो म्हणे आणि टायरच्या कडेवरून हात फिरवत राही.

एकदा त्यानं दोस्ताला माझ्यासमोर सरळ विचारलं, "माह्या गेजातच तं खोट नसन?"

दोस्त म्हणाला, "गड्या, दोन दोन गेज मिळून खोटं बोलतीन का?"

मिलच्या मालकानं काही आरोप केला नाही. फक्त एका हंगामापासून भाऊला बोलावणं बंद झालं आणि ते काम दोस्ताकडे गेलं. भाऊनं ट्रक विकला. पुढे पंधरा-वीस वर्षं तो दुसऱ्यांच्या गाड्या चालवत राहिला, आणि कट्टे भरताना मालकाचा माणूस त्याच्या शेजारी उभा असे. ते त्याला सर्वांत लागलं. शेवटी कावीळ होऊन पडला तेव्हाही तापात बोलायचा, "मोजून घ्या, मोजून घ्या."

तेरवी झाल्यावर वहिनीला माहेरी पोचवायचं होतं. तिचं माहेर दरेकसाजवळ. दोस्त आपणहून ट्रक घेऊन आला, मिलचा माल त्याला त्याच वाटेनं न्यायचा होता. मिलचं काम अजून त्याच्याकडेच होतं. वहिनी सामानासकट पुढच्या बाकावर जाऊन बसली. पुढे डोंगराचा रस्ता, म्हणून दोस्त हवा पाहायला खाली वाकला. त्याला आता बारीक आकडे दिसत नव्हते. गेज टायरला लावून काढलं आणि माझ्या हाती देत म्हणाला, "बाई, वाच तं जरा."

पितळेची नळी होती. वापरून गुळगुळीत झालेली. बाजूला माझ्या हातचा ३ अजून दिसत होता.

"हे खोटं होतं ना?" मी म्हटलं.

मी नळीवरचा ३ त्याच्यापुढे धरला. त्याला तो दिसला नसेल, पण मी काय दाखवते आहे ते त्याला कळलं.

"नागपूरले टायरवाल्याच्या मोठ्या मीटरशी लावून पायलं होतं," तो म्हणाला. "बरोबर निघालं."

"कधी?"

"त्याच साली."

"मग सांगितलं काऊन नाही?"

"मीच तं म्हटलो होतो का हे खोटं हाय. मग कोन्या तोंडानं येऊ? आज सांगतो, उद्या सांगतो, असं होत गेलं. मंग मिलचं काम आलं." मग म्हणाला, "माह्या मनात पाप नव्हतं, बाई."

मला वाटलं होतं, वहिनीला वर ऐकू गेलं नसेल. ती खाली उतरली. आधी तिनं पत्र्याची पेटी ओढून काढली, मग गाठोडं.

"वयनी, बसा ना. मी नेऊन देतो."

"मी गाडीनं जाईन," ती म्हणाली. दरेकसाला पॅसेंजर थांबत असे. "स्टँडवर लोक त्यायले हासत, तवा तुमी बी हासत होते. ते रोज घरी येऊन सांगत. म्हनत, तो हासला म्हंजे मजाकच असन, त्याच्या मनात तसं नाही."

मी पेटीची एक कडी धरली. गेज अजून माझ्याच हातात होतं. ते मी त्याच्यापुढे केलं.

"घेऊन जाय पाह्यजे तं," तो म्हणाला.

आमच्याकडे आता मोजायला टायर नव्हता. मी नाही म्हणून मान हलवली आणि गेज त्याच्या हातात ठेवलं.

आम्ही दोन पावलं गेलो असू. मागून त्याचा आवाज आला, अगदी हळू. "बाई, आकडा तं सांगून जाय. घाटातून माल न्यायचा हाय."

वहिनी थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी परत गेले, त्याच्या हातातली कांडी उजेडात धरली आणि वाचली.

"पन्नास," मी म्हटलं. "हवा कमी आहे. भरून घ्या."

स्टेशनपर्यंत पेटी आम्ही दोघींनी धरून नेली. पॅसेंजर उशिरा आली.