पुढचे अठ्ठावन्न किलोमीटर

आमच्या गोठ्यात दोन म्हशी, एक रेडकू आन एक मोटार हाय. बघणारा हसतो. हसू द्या, माझं काय जातंय! तांबड्या रंगाची, दोन दारांची, एवढुशी गाडी. तिला पेट्रोल लागत न्हाई, डिझेल लागत न्हाई, ती विजेवर चालायची. आता तसल्या गाड्या कडेगावच्या रस्त्याला रोज दिसत्यात, पर ही आली तवा आमच्याकडं कुनी तसलं काय ऐकलंबी न्हवतं. ज्या बाईसाठी ही गाडी घेतली ती फिरदोसभाभी. तिची गोष्ट मी सांगते, कारन ती सोता कवाच सांगायची न्हाई, आन तिच्या नवऱ्याला विचारलं तर तो निस्ता बॅटऱ्यांबद्दल बोलत बसंल.

भाभी सांगलीची. नवरा रसूलभाई, मार्केट यार्डाच्या मागं त्याचं बॅटऱ्या चार्ज करायचं दुकान. मानूस नव्वद किलोचा आन आवाज अगदी बारीक. भाभी पंचेचाळीस किलोची, पर घरात आवाज तिचा. तिला खोड एकच, वाहनात बसली की उलटी. यष्टीचा नुसता वास आला तरी जीव घाबरा व्हायचा. लिंबू हुंगून झालं, गोळ्या खाऊन झाल्या, बुडाखाली पेपर घेऊन बसून झालं. मिरजेहून लगीन करून आली ती टांग्यातनं. त्यानंतर हळदीच्या पेठेपतोर चालत जायचं आन चालत यायचं, एवढंच तिचं जग. तिला त्याचं काय वाटायचं न्हाई. पोरीचं लगीन झालं आन मंग वाटाय लागलं.

एकुलती एक पोरगी, सुमैरा. दहिवडीला दिली. जावई वाजिद चांगला, शिलाईचं दुकान चालवतो. लगीन सांगलीतच झालं, पोरगी जीपमधे बसून गेली. आठ दिवसांनी भाभीच्या ध्यानात आलं की एकशे पंधरा किलोमीटरवरचं ते घर आपल्याला कवाच दिसनार न्हाई. पोरगी सैपाक कुठं करती, पानी कुठनं आनती, निजती कुठं, काय म्हनता काय ठावं न्हाई. "पोरगी दिली का हिरीत ढकलली?" असं ती रसूलभाईला म्हनली आन चार दिवस त्याच्याशी बोललीच न्हाई.

पाचव्या दिवशी रसूलभाई पुन्याला गेला आन ही गाडी घेऊन आला. कुना साहेबानं दोन वर्सं वापरून टाकलेली. धूर न्हाई, वास न्हाई, हादरा न्हाई. भाभीला काचा उघड्या ठेवून कृष्णेच्या पुलावरनं फिरवून आनलं, उलटी न्हाई. मंग हरिपूरपतोर नेलं, तरी न्हाई. तितं घाटावर बसून ती रडली म्हनं. रसूलभाई म्हनला, "चल, उद्या लेकीकडं." गाडीच्या पुस्तकात छापलं व्हतं, एकदा चार्ज केली की ऐंशी किलोमीटर. पुढचं पस्तीस वाटेत कुठंतरी बघू, असा त्याचा हिशेब.

आवं, कसलं ऐंशी! ते ऐंशी सपाट रस्त्यावरचं, एका वाळक्या मानसाचं, दिवा न लावता, पंखा न लावता. ह्यो मानूस नव्वद किलोचा, मागं गुळाची ढेप, पिशव्या, पोरीला भांडी. सत्तावन्न किलोमीटरवर, बरूबर आमच्या दारात, गाडी गप झाली. काटा अर्ध्यावर व्हता म्हनं, आन एकदम खाली बसला. तो काटा पयल्यापासनं लबाड.

मी दारात शेंगा फोडत बसलेली. ह्यो उतरला आन म्हनला, "वैनी, एक प्लग मिळंल का? चार्जिंग करायचं हाय." मला वाटलं मोबाईल असंल. म्हनलं, घ्या की. तर ह्यानं पाच हात लांब वायर काढली! "किती वेळ लागंल?" म्हनलं, तर म्हनतो, "आठ तास." "आठ तास? आवं, तेवढ्यात आमची म्हस विऊन, खरवस खाऊन हुतोय!" त्यावर गाडीत बसलेली बाई खुदकन हसली. ती फिरदोसभाभी. तासाभरात आमचा बोर्ड जळाला. घरभर वास सुटला. मी तोंडाचा पट्टा सोडला तो सोडलाच.

आमचं मालक, जोतीराम हवालदार, फौजेत बिजलीचंच काम करून आलेलं. ते रागवायचं सोडून खूश झालं. शेजाऱ्याच्या प्लगावर गाडी भरून पावन्यांना माघारी लावलं, मंग आठवड्यात गोठ्यात जाड वायर टाकून मोठा प्लग बसवला आन रसूलभाईला सांगून धाडलं, "गड्या, आता जळनार न्हाई. ये बिनघोर." मला कुनी विचारलं? कशाला विचारतील!

पर पुढचे अठ्ठावन्न किलोमीटर काय जमंनात. आमच्या पुढं रस्ता चढाचा. एकदा गाडी पूर्न भरून निघाली ती औंधाच्या अलीकडं बसली. तितं हॉटेलवाल्यानं प्लग दिला, बिचारा चांगला, पर गावात लाईट मंद. तेवढ्या दाबावर चार्जर तांबडा दिवा लावून गप बसायचा. शेवटी हवालदार ट्रॅक्टर घेऊन गेले आन दोरानं वढून आनली. फुडं ट्रॅक्टरचा धूर, मागं भाभी. घरी आली तवा तिच्या पोटात पान्याचा थेंब राहिला न्हवता. मी तिला माझ्या अंथरुनावर निजवलं आन त्या दिसापासनं तिच्याशी भांडायचं बंद केलं.

मंग सुमैराच आमच्याकडं येऊ लागली. तिच्या घरी अंथरुनावरची सासू, दारात शेळ्या, तिला सांगलीला राहायला मिळायचं न्हाई. पर सकाळच्या यष्टीनं आमच्यापतोर आन सांजच्या यष्टीनं माघारी, एवढं जमायचं. महिन्यातनं एकदा गाडी गोठ्यात चार्जिंगला आन मायलेकी माझ्या सैपाकघरात. एकदा रोज्याच्या दिवसात आल्या, तवा गाडीचा आन भाभीचा रोजा एकाच वक्ताला सुटला. आठ वर्सं असं चाललं. माझ्या पोटी पोरगी न्हाई. सुमैरा "मावशी" म्हनून गळ्यात पडायची तवा मला काय व्हायचं ते मी हवालदारांनाबी कवा सांगितलं न्हाई.

भाभीचं विचारनं एकच, घर. "चूल कुठल्या अंगाला? पान्याचा हंडा डाव्या हाताला का उजव्या? मिठाची बरनी कुठल्या फळीवर?" पोरगी सांगायची, भाभी डोळं मिटून ऐकायची, पुढल्या महिन्यात परत तेच विचारायची. मी म्हनायची, "आगं, लेकीचं घर हाय का परीक्षेचा पेपर?" तर म्हनायची, "मनुताई, मला आयुष्यात एकदा तिच्या उंबऱ्यातनं आत जायचंय. बाकी अल्लाकडं काय मागनं न्हाई."

दरम्यान त्या गाडीनं रसूलभाईचा जीव खाल्ला. थंडीत काटा लवकर पडायचा, पावसात दारातनं पानी आत. तीन वर्सांत बॅटऱ्या मरायच्या. बिघाड काय ते कळाय पुन्याचा मानूस कॉम्प्युटर घेऊन यायला लागायचा, आन तो यायचाच न्हाई. आवाज न्हाई म्हनून आमच्या दोन कोंबड्या तिच्याखाली गेल्या. शेवटी तसल्या बॅटऱ्याच मिळायच्या बंद झाल्या. रसूलभाईनं कुठनं कुठनं गोळा करून एक संच जमवला आन आमच्या कट्ट्यावर बसून म्हनला, "वैनी, ह्यो शेवटचा. आता न्हाई तर कवाच न्हाई." त्यानं पाटीवर आकडे मांडले. मागची शीट काढली, स्टेपनी काढली, जॅक काढला, तरी बावन्न. सहा किलोमीटर कमी. भाभी उंबऱ्यात बसून पाटीकडं बघत व्हती. तिचं तोंड मला बघवंना आन माझं डोस्कं सटकलं.

"वजन वजन काय लावलंय मघापासनं? सगळ्यात जड तर तुमीच हायसा! तुमीच उतरा की!"

मी आपलं रागानं बोललेली. पर रसूलभाईनं पाटी पुसली, परत आकडे मांडले आन बायकोकडं बघितलं. "फिरदोस," तो म्हनला, "हिला गेर न्हाई, क्लच न्हाई. दोन पायडल हायत. एक जायचं, एक थांबायचं."

"या अल्ला! मी? ह्या वयात?" भाभी म्हनली. पर उठली.

दोन महिने आमच्या ऊस तुटलेल्या रानात ती शिकली. दर आठवड्याला यायची. पयल्या दिवशी बांधावर चढवली, दुसऱ्या दिवशी माझ्या कडब्याच्या गंजीत घातली. हवालदार परेडीवानी ओरडायचे, "भाभी, सामने देखो!" सांगलीत लायसनबी काढलं. आन एक गंमत कळली, शेजारी बसलं की ह्या गाडीतबी तिला जरा मळमळायचं, सोता चालवायला बसलं की तेबी न्हाई.

दिवाळीनंतरचा मंगळवार. ऊन चढल्यावर, अकराला निघायचं ठरलं. गुळाची ढेप माझ्याकडं ठेवली, किलोभर हळद तेवढी घेतली. पोरीला कळवायचं न्हाई म्हनली. मागं पोरीनं सैपाक करून वाट बघितली व्हती आन हिला माघारी यायला लागलं व्हतं, परत तिचा हिरमोड नको. रसूलभाईनं खिडकीतनं शंभर सूचना दिल्या. ती म्हनली, "बास झालं, तुमच्या बोलन्यानं बॅटरी उतरंल." आन गेली. आवाजच न्हाई, त्यामुळं गेल्यासारखीच वाटली न्हाई. वळनावर तांबडं दिसलं आन मंग रस्ता रिकामा.

रसूलभाई कट्ट्यावर बसला तो उठंना. जेवला न्हाई, चहा निवून गेला. "माझ्यामुळंच अडलं व्हतं वैनी, एवढी वर्सं. माझ्या वजनामुळं," असं म्हनत राहिला. फोन लावला तर लागत न्हवता. दोन वाजले, तीन वाजले. हवालदारांनी ट्रॅक्टर भाईर काढून ठेवला. साडेचारला फोन वाजला. सुमैराचा. "अब्बा! अम्मी आली. गाडी तीन किलोमीटर मागं बंद पडली, अम्मी चालत आली. अम्मी माझ्या घरात हाय, अब्बा!" तो एवढा मोठा मानूस, माझ्या कट्ट्यावर दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. मीबी रडले, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या दिवशी भाभी आली. वाजिदनं गाडी वढून नेऊन दारात चार्ज करून दिलेली, येताना उतार. रसूलभाई रस्त्यात उभा. "कसं हाय घर?" "सुमैरा सांगायची तस्संच. आत गेले आन तिनं डाळ ठेवली व्हती चुलीवर. मी न बघता हात वर केला, मिठाची बरनी हातात आली. पोरगी हसत व्हती, रडत व्हती."

गाडी आमच्या गोठ्यात आली ती शेवटची. परत चार्जच घेईना. भाभी सांगलीला यष्टीनं गेली आन चार दिवस अंथरुनातनं उठली न्हाई. मागं तिला एका नव्या गाडीत बसवून बघितलं, तीनशे किलोमीटर जानारी, भाड्याची. बंद काचा, एसी, शीटांचा वास. सांगलीच्या भाईर पडून माधवनगरलाच उलटी. तसली गाडी सोताची घेऊन चालवायला द्यायची रसूलभाईची ऐपत न्हाई. तो अजून महिन्याला येतो, ह्या तांबडीच्या बॅटऱ्यांत पानी घालतो, दिवा लागतो का बघतो. सासूला आता घटकाभरबी एकटं सोडता येत न्हाई, त्यामुळं सुमैराचंबी येनं बंद झालं. फोनवर तोंड दिसतं, तेवढंच.

एक सांगायचं राहिलं. भाभी लेकीकडनं माघारी आली त्या दिवशी, मानसं गाडीभवती व्हती तवा भाभी माझ्या मागनं सैपाकघरात आली. मला वाटलं पानी मागंल. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"मनुताई, पोरीनं मला सगळं सांगितलं व्हतं. एक सोडून."

"काय?"

"मी चालत निघाले तर पोरगी अर्ध्या वाटेत पळत आली. हाताला पीठ तसंच. मी कळवलं न्हवतं, तरी. म्हनली, अम्मी, लांबनं तुझी चाल वळखली. मला कळंना, हिला दिसले कुठनं? घरात गेल्यावर कळलं. मागच्या खोलीला खिडकी हाय. तिच्यातनं खालचा रस्ता दिसतो, पार वळनापतोर. त्या दुष्काळी माण तालुक्यात झाडं कुठं हायत आडवी यायला! त्या खिडकीखाली एक पाट ठेवलाय. सासूला विचारलं, हा पाट हितं का वो? ती म्हनली, सून दुपारची भांडी झाली की तितंच बसती, लगीन झाल्यापासनं."

मी तिचा हात धरला.

"आठ वर्सं मला वाटत व्हतं, वाट मी एकटीच बघती," ती म्हनली. "आता रोज दुपार झाली की मला ठावं असनार, पोरगी पाटावर बसलीया. आन रस्त्यावर मी न्हाई."