डावीकडे ओढणारी गाडी

शैलजा मेश्राम बाईंना चाकांबद्दल काही विचारलं की त्या आधी उलट विचारायच्या, "मैदानात करायचंय काय?" जबलपूरच्या एका पॉलिटेक्निकात त्या मेकॅनिकल शिकवायच्या, आणि मुलांचा रोबोटिक्स क्लबही त्यांच्याच गळ्यात पडला होता. पोरं दरवर्षी इंटरनेटवर काहीतरी चकचकीत बघून यायची आणि त्याच्या प्रेमात पडायची. बाई सगळं ऐकून घ्यायच्या आणि मग हा प्रश्न टाकायच्या. निम्मी प्रेमं तिथंच आटपायची.

गेल्या वर्षीचं प्रेम म्हणजे मेकॅनम चाकं. चाकाच्या घेरावर छोटे तिरपे रोलर बसवलेले. चारी चाकं वेगवेगळी फिरवली की गाडी तोंड न वळवता खेकड्यासारखी बाजूला सरकते. दिसायला मोठी झोकदार. पण यंदा भोपाळच्या स्पर्धेत अरुंद फळीचा चढ होता, आणि समोरच्या संघाची गाडी बाजूनं धक्के मारणार होती. जी गाडी आपणहून बाजूला सरकते, ती दुसऱ्यानं ढकलल्यावरही सरकणारच. म्हणून बाईंनी फळ्यावर सहा चाकं काढली. साधी, रबराची, दोन्ही बाजूंना तीन तीन, आणि मधली जोडी बाकीच्यांपेक्षा केसभर खाली. गाडी एका वेळी चारच चाकांवर टेकते, त्यामुळे वळताना चाकं जमिनीशी भांडत बसत नाहीत, आणि पकड रबराची ती रबराचीच. एरवी हे सांगताना बाईंचा चेहरा उजळायचा. यंदा त्यांनी ते स्टेशनवरच्या घोषणेसारखं सांगून टाकलं.

कारण जानेवारीत गुणवंत गेला होता.

गुणवंत म्हणजे त्यांचा नवरा, रेल्वेत होता. काही वर्षांपूर्वी त्याच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. त्यातून तो उठला, चालायलाही लागला, पण डावा पाय मागं राहायचा आणि चालता चालता माणूस डावीकडे कलायचा. रोज संध्याकाळी दोघं कांचघरच्या बाजारातून फेरी मारायचे. बाई त्याच्या डाव्या हाताला, खांदा त्याच्या बगलेखाली, त्याला उजवीकडे रेटत. रेटता रेटता भाजीचे भाव, नातेवाइकांची उणीदुणी आणि मनसोक्त भांडण, सगळं चालायचं. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, काय सरळ चालताहेत दोघं.

तो गेला तेव्हा बाई रडल्या नाहीत. बुद्धवंदना झाली, माणसं आली, बाईंनी प्रत्येकाला पाणी विचारलं. नागपूरची नणंद कुंदा फोनवर रोज टोकायची, "वहिनी, काहून नाही रडून राहिली तू? एकदा रडून घे नं माय."

"येतच नाही, कुंदा," बाई म्हणायच्या. खोटं नव्हतं ते. दात काढून आल्यावर बधिर गाल कसा लागतो, तसं त्यांना सगळं लागत होतं. आपलंच, पण आपलं नसलेलं. जेवण, झोप, पगार, पोरांचे वाढदिवसाचे केक, सगळ्याची चव एकच.

एक विचित्र गोष्ट मात्र व्हायची. कॉलेजातून पायी परतताना बाई चालता चालता उजवीकडे जायच्या आणि कशाला तरी धडकायच्या. बहुतेक वेळा एका भाजीच्या हातगाडीला. "दीदी, देख के," भाजीवाला म्हणायचा. बाईंनी चप्पल बदलली. मग चष्म्याचा नंबर तपासून घेतला. इंजिनिअर बाई, दोष शोधायचा तर सामानातच शोधणार.

सहा चाकांची गाडी तयार झाली तेव्हा स्पर्धेला दोन दिवस उरले होते. पोरांची कामं अशीच. संघाचा कप्तान प्रखर तिवारी. त्यानं ती जमिनीवरच्या रेघेवर सोडली आणि ती सुतासारखी सरळ गेली. मग रिमोट नर्मदा वानखेडेच्या हातात दिला. नर्मदा ही संघाची चालक. गेल्या वर्षीची जुनी, मेकॅनमची गाडी वर्षभर तिनंच चालवली होती. नवी गाडी फळीच्या चढावर अर्ध्यापर्यंत गेली आणि उजव्या कडेवरून धप्पकन खाली आली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा नर्मदानं श्वास रोखून, जपून चालवली तेव्हा कशीबशी वर पोचली. घाई केली की पुन्हा उजवीकडे.

"मॅडम, गाडी तो सीधी है," प्रखर म्हणाला. "ड्रायव्हर बदल देते हैं. मैं चला लूंगा."

नर्मदाचा चेहरा पडला. तिच्या वडिलांनी, मोतीरामजींनी, मुलीला भोपाळला पाठवायला कुरकुरत होकार दिला होता तो एकाच गोष्टीवर: गाडी तीच चालवते, तिच्यावाचून अडेल. चालक बदलला की तिचं भोपाळ बारगळलं, आणि बारगळलेली मुलगी पुढच्या वर्षी क्लबात येते कशाला.

"मॅडम, मी मुद्दाम नाही करून राहिली," ती म्हणाली. मराठी तिच्या कानाला जास्त सवयीची, जिभेला कमी. "सच में. मेरा हाथ अपने आप जाता है."

बाईंनी कपाटावरची जुनी गाडी खाली काढायला लावली आणि टेबलावर ठेवून पाहिली. सांगाडा जरासा पिळवटला होता. पुढचं डावं चाक नीट टेकतच नव्हतं. म्हणजे वर्षभर ही गाडी डावीकडे ओढत होती, आणि ही पोरगी, तिचं तिलाही न कळता, तिला उजवीकडे रेटत होती. आता ओढणारी गाडी कपाटावर गेली होती. रेटणं हातात राहिलं होतं.

बाई टेबलाला धरून उभ्या राहिल्या. भाजीची हातगाडी त्यांच्या डोळ्यांपुढे आली. चप्पल चांगलीच होती. चष्माही चांगला होता.

यंत्र खरं पाहिजे, माणसानं त्याच्याशी जुळवून घ्यायचं, हा बाईंचा आजवरचा शिरस्ता. त्यापायी त्यांनी कितीतरी पोरांना फैलावर घेतलं होतं. तरी त्या म्हणाल्या, "प्रखर, प्रोग्राम में लेफ्ट साइड की पॉवर थोडी कम करो."

"फिर तो ये लेफ्ट में भागेगी, मॅडम!"

"भागने दो. पुरानी जितनी बिगडी थी, इसको उतना ही बिगाडो."

प्रखरनं कपाळाला हात लावला, पण लॅपटॉप उघडला. थोडं जास्त, थोडं कमी करत दुपार गेली. शेवटी नर्मदानं गाडी चढाला घातली, आपल्या जुन्या बेदरकार वेगात, आणि वाकडी गाडी वाकड्या हातानं फळीच्या मधोमध वर चढली. पोरांनी वर्कशॉप डोक्यावर घेतलं.

नर्मदा तेवढी हिरमुसली. "पण मॅडम, हे तर गलतच झालं नं? गाडी ठीक होती. मीच शिकायला पाहिजे."

"शिकशील. भोपाळहून ये, मग गाडीचं ओढणं दर आठवड्याला थोडं थोडं कमी करू," बाई म्हणाल्या. "एकदम काढून घेतलं की माणूस पडतो, बाळा."

त्या संध्याकाळी घरी जाताना बाईंनी स्वतःला आवरलं नाही. इतके महिने त्या पाऊल जपून टाकत होत्या. आज त्यांनी पाय मोकळे सोडले. पाय उजवीकडे गेले, बाई हातगाडीला धडकल्या आणि दोन-चार टोमॅटो रस्त्यावर घरंगळले.

"दीदी, आप रोज इधर ही क्यों आ जाती हैं?" भाजीवाल्यानं विचारलं. रागानं नव्हे, त्याला खरंच नवल वाटत होतं.

"मेरे बाजू में एक आदमी चलता था," बाई म्हणाल्या. "उसको धकेलना पडता था."

आणि मग त्यांना रडू कोसळलं. भर बाजारात, चारचौघांत, तोंडाला पदर लावायचंही भान राहिलं नाही. गुणवंत गेला होता, आणि ते त्यांना आज कळलं होतं. भाजीवाल्यानं घाईघाईनं बटाट्याचं पोतं आडवं केलं, वर बारदान टाकलं आणि बसा म्हणाला. बाई बसल्या. बसताना त्यांनी उजव्या हाताला एका माणसापुरती जागा सोडली.