पाच अभिप्राय आणि गुरुअण्णांचं सातवं प्रकरण

गुरुअण्णा गेल्याची बातमी मला टाळ्यांच्या गर्दीत मिळाली. आमच्या रविवारच्या लेखक मंडळाचा व्हॉट्सअॅपवर एक ग्रुप आहे. त्या दिवशी सकाळी आमचे अध्यक्ष इनामदार सर यांना कुठल्याशा संस्थेचा जीवनगौरव जाहीर झाल्याची वार्ता ग्रुपवर आली होती आणि तिच्याखाली फुलं, टाळ्या, जोडलेले हात असा बाजार भरला होता. बाराच्या सुमारास त्यातच कुणीतरी लिहिलं, ‘आपले सदस्य गुरुपाद हेब्बाळे यांचे आज हृदयविकाराने निधन झाले.’ त्या ओळीच्या खाली पुढच्या पाच मिनिटांत आणखी तिघांनी ‘मनःपूर्वक अभिनंदन’ टाकलं. ते अर्थातच सरांसाठी होतं. वरची ओळ त्यांनी वाचलीच नव्हती. ते पुसून टाकायचंही कुणाला सुचलं नाही, संध्याकाळपर्यंत तसंच राहिलं... मला आधी संताप आला आणि मग स्वतःचीच लाज वाटली. न वाचता अभिप्राय द्यायची सवय आमच्या मंडळाला काही त्या दिवशी लागली नव्हती, आणि तिच्यातून मीही सुटलेली नाही. अण्णांना जाऊन आता सहा आठवडे झाले. चांगलं चांगलं लिहून त्यांना निरोप देता येईल, तशी विनंतीही मला झाली आहे. पण ते माझ्याच्यानं होणार नाही.

अण्णा मूळचे चंदगड तालुक्यातले. घरात मराठी आणि कन्नड दोन्ही चालायचं. एसटीत कंडक्टर म्हणून लागले, तिकडच्या डोंगरातल्या, पावसातल्या रस्त्यांवर उमेदीची वर्षं काढली आणि शेवटी बदली घेऊन कोल्हापुरात आले. निवृत्त झाल्यावर एका रविवारी ते मंगळवार पेठेत सरांच्या घरी, जिथं आमचं मंडळ भरतं तिथं, दारात येऊन उभे राहिले. गर्दीच्या गाडीत शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाले, ‘‘मी कंडक्टर हाय. कायबाय लिवतो. बसू का?’’ आम्ही सगळे हसलो. ते हसणं प्रेमाचं होतं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. आमच्यात एक निवृत्त प्राध्यापक, एक बँकेतले कवी, एक वकीलबाई, एक नाटककार म्हणवणारे गृहस्थ आणि शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली मी. कंडक्टर आल्यानं मंडळ कसं समाजाभिमुख झालं, हे सर पुढं प्रत्येक भाषणात सांगायला लागले.

मंडळाची रीत बाहेरच्यांना सांगायला हवी. बैठक सुरू होते ती ‘वार्तां’नी. कुणाची कविता कुठल्या दिवाळी अंकात आली, कुणाला कुठं परीक्षक म्हणून बोलावलं, कुणाच्या पुस्तकावर चार ओळी छापून आल्या, ते ज्यानं त्यानं आळीपाळीनं सांगायचं आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. यात तासभर तरी जातो. मग चहा, भडंग आणि उरलेल्या वेळात एखाद-दुसरी कविता. अण्णांची पाळी आली की ते म्हणायचे, ‘‘काय न्हाय. लिवतोय.’’ अकरा वर्षं त्यांची एवढीच वार्ता होती. पुढं पुढं त्यांनी तोंड उघडायच्या आत आम्हीच ती म्हणून दाखवायचो आणि ते स्वतःही आमच्याबरोबर हसायचे. मोठं लिखाण असेल तर ते बैठकीत वाचत नसत. ते कापडी पिशवीत घालून घरोघर फिरायचं. प्रत्येकानं पंधरा दिवस ठेवायचं, वाचायचं, शेवटी जोडलेल्या कोऱ्या पानांवर सहीनिशी अभिप्राय लिहायचा आणि पिशवी पुढच्याकडं पोचवायची. आधीच्यांचे अभिप्राय पुढच्याला दिसायचे. आमचं सगळं वाङ्मयीन पाप त्यातच होतं, हे आता कळतंय.

कारण ती पिशवी खऱ्या अर्थानं वाचणारा माणूस आमच्यात एकच होता. माझ्या कथांची पिशवी अण्णांकडून परत आली, तेव्हा त्यांनी अभिप्रायाची चार पानं भरून काढली होती. एका कथेत माझी नायिका सकाळी पन्हाळ्याच्या गाडीत एकटीच खिडकीशी बसून आपल्या आयुष्याचा विचार करते. अण्णांनी लिहिलं होतं, की त्या वेळची गाडी शाळेच्या मुलांनी आणि दुधाच्या किटल्यांनी भरलेली असते, तिथं विचार करायला जागा कुठली? एवढ्यावर न थांबता दुसऱ्या दिवशी ते माझ्या घरी आले आणि त्या बाईला उभं राहून विचार करायला लावा, म्हणून वाद घालत बसले. मी वैतागले होते. माणसाला एवढं कशाला सांगत बसायचं, असं वाटलं. पण कथा मी बदलली, आणि पुढं त्या संग्रहात लोकांनी वाखाणली ती तीच. प्रस्तावनेत मी सरांचे आभार मानले. अण्णांचं नाव राहून गेलं... राहून गेलं कसलं, मला ते सुचलंच नाही.

अण्णा लिहीत होते ती कादंबरी, ‘वस्तीची गाडी’. संध्याकाळी चंदगडकडच्या एका गावात मुक्कामाला जाणारी आणि सकाळी परत निघणारी एसटी आणि वर्षानुवर्षं तिथल्या देवळाच्या ओट्यावर झोपणारा कंडक्टर. नऊ वर्षं ते वह्यांमध्ये लिहीत होते. पुरी झाल्यावर त्यांनी ती टाइप करून घेतली, बैठकीच्या आदल्या दिवशी एका दुकानातून बांधून आणली आणि रविवारी पिशवीत घालून सरांच्या हातात दिली. पिशवी देताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. म्हणाले, ‘‘वंगाळ असंल तर वंगाळ लिवा. पर वाचा.’’

सरांनी पहिला अभिप्राय लिहिला. मातीचा गंध, अस्सल बोली, आणि पुढं असं, की ‘गाडी अडली’ या सातव्या प्रकरणात कादंबरी आपला कळस गाठते. बँकेतल्या कवींनी सातव्या प्रकरणातल्या करुणेचा उल्लेख केला. तिसरी पाळी माझी होती. त्या पंधरवड्यात माझ्याच संग्रहाच्या प्रकाशनाची धावपळ होती. पत्रिका, पाहुणे, हॉल... मी पहिली चाळीस पानं वाचली, अनुक्रमणिका पाहिली, वरचे दोन अभिप्राय वाचले आणि लिहिलं, ‘सातवे प्रकरण वाचून मी बराच वेळ सुन्न बसून राहिले.’ खाली माझी सही आहे. मुलांनी गाइडमधून उतरवलेली उत्तरं मी तीस वर्षं पकडत आले होते. पुढं वकीलबाई आणि नाटककारही सातव्या प्रकरणानंच भारावले. पिशवी अण्णांकडं परत गेली. त्यानंतरच्या बैठकीत आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि सर म्हणाले, आता अण्णांचीही वार्ता झाली. अण्णा सगळ्यांकडं आळीपाळीनं बघत होते. ते हसले नाहीत, एवढं मला आठवतं.

दोन महिन्यांनी ते मला भाजी मंडईत भेटले. तीच आमची शेवटची भेट. मधे बैठकींना यायचे थांबले होते, गुडघे दुखतात म्हणून निरोप असायचा. पण मंडईत तर पिशवी भरून चांगले चालत होते. इकडचं तिकडचं झालं आणि एकदम म्हणाले, ‘‘बाई, खरं सांगा. सातव्या प्रकरणात तुमास्नी काय आवडलं?’’ मी अडखळलेसुद्धा नाही. मी म्हणाले, गाडी अडते तो प्रसंग, आणि त्या माणसांची असहायता. ते माझ्याकडं बघत राहिले. विचारणाऱ्याचा चेहरा नव्हता तो, वाट बघणाऱ्याचा होता. मी खरं सांगावं म्हणून त्यांनी मला जवळजवळ मिनिटभर वेळ दिला. मी काय केलं, तर घाईत आहे असं म्हटलं. ते ‘‘बरं’’ म्हणाले आणि गेले.

शोकसभा सरांच्याच घरी झाली. अण्णांच्या पत्नी शांतक्का पहिल्यांदाच तिथं आल्या होत्या, मांडीवर ती बांधलेली प्रत घेऊन बसल्या होत्या. त्या निपाणीकडच्या, फार बोलणाऱ्या नव्हेत. एकेक जण उठून बोलला. सर म्हणाले, मंडळ ही कादंबरी प्रकाशित करील आणि सातवं प्रकरण मराठी वाचक कधी विसरणार नाही. तेव्हा शांतक्का उठल्या, ती प्रत त्यांच्यापुढं धरून म्हणाल्या, ‘‘तेवढं सातवं वाचून दावा की, सर. सगळ्यास्नी लई आवडलंय न्हवं.’’ त्यांच्या बोलण्यात काही खोच असेल असं कुणाला वाटलं नाही. सरांनी चष्मा लावला, घसा साफ केला आणि आपल्या कमावलेल्या आवाजात वाचलं, ‘‘प्रकरण सातवे, गाडी अडली.’’ मग पान उलटून, ‘‘गाभण म्हशीला शेवटच्या दोन महिन्यांत ओला चारा, सुका चारा आणि खुराक किती द्यावा, ते आता पाहू.’’ पुढचं वाक्यही त्यांनी तसंच आवाजात चढउतार करत वाचलं आणि मग थांबले. वकीलबाई हळूच म्हणाल्या, ‘‘प्रतीक असेल.’’ त्या क्षणी मला ओरडावंसं वाटलं, पण कुठल्या तोंडानं ओरडणार? दुकानात बांधताना कुणा दुसऱ्याच्या म्हैसपालनाच्या पुस्तिकेची बावीस पानं अण्णांच्या सातव्या प्रकरणाच्या जागी गेली होती. अण्णांनी घाईत न बघता ती प्रत आमच्या हातात दिली. चूक एवढीच. ती आम्हा पाच लेखकांच्या घरी पंधरा पंधरा दिवस राहून आली आणि पाचही जण त्या बावीस पानांनी हेलावून गेले होते.

शांतक्कांनी सरांच्या हातातून प्रत घेतली आणि त्या निघाल्या. मी मागोमाग जिन्यात गेले. त्यांना हे कधीपासून माहीत होतं, असं विचारलं. पिशवी परत आली त्याच दिवसापासून, त्या म्हणाल्या. अण्णा आधी अभिप्राय वाचून हरखले होते, शेजाऱ्यांना बोलावून त्यांनी ते वाचून दाखवले. मग सातवं प्रकरण एवढं आवडलंय तर एकदा आपणही बघावं म्हणून त्यांनी ते उघडलं. ‘‘आदी लई हासलं. मला बी म्हशीचं वाचून दावलं. मग जेवलं न्हाईत,’’ शांतक्का म्हणाल्या. मी रडायला लागले, तर त्यांनी मला गप्प केलं नाही की जवळही घेतलं नाही. मी म्हटलं, मला मूळ वह्या द्या, मी वाचते. त्यावर त्या म्हणाल्या, वह्या घराबाहेर जायच्या नाहीत, वाचायचं तर घरी येऊन बसून वाचा.

तेव्हापासून मी रोज दुपारी त्यांच्याकडं जाते. मधल्या खोलीत खिडकीजवळ अण्णांचं लिहायचं टेबल आहे, त्यावर वह्या एकावर एक ठेवलेल्या असतात. शांतक्का समोर भाजी निवडत बसतात आणि मी खरंच पानं उलटतेय ना, ते बघतात. मला त्याचा राग येत नाही. बोलीनं सुरुवातीला अडखळले, मग गावात शिरल्यासारखी आत गेले. त्यात एक म्हातारी आहे. रोज सकाळी गाडी सुटताना ती येऊन उभी राहते, आयुष्यात कधी गाडीत बसत नाही. ती गेल्यानंतरच्या सकाळी कंडक्टर वेळ होऊनही दहा मिनिटं घंटी मारत नाही आणि गाडीतलं कुणीही का म्हणून विचारत नाही. हे अकराव्या प्रकरणात आहे. ते वाचून मी खरोखर सुन्न बसून राहिले, पण तो शब्द मी आधीच खर्चून बसले होते.

परवा सगळ्या वह्या वाचून झाल्या. मी शांतक्कांकडं कोरा कागद मागितला आणि अभिप्राय लिहिला. अकराव्याबद्दल लिहिलं. मग सातव्याबद्दल. ओढ्याला पाणी येऊन गाडी चार दिवस अडकते, ते अण्णांनी फार लांबवलं आहे. कंडक्टर प्रवाशांना उपदेश करत सुटतो, आणि सगळी कादंबरी तिथं चिखलात रुतते. सातवं प्रकरण फसलंय, असं मी स्पष्ट लिहिलं आणि सही करून कागद पुढं केला. शांतक्कांनी तो एकेका शब्दावर बोट ठेवत वाचला. मला वाटलं, रागावतील. त्या म्हणाल्या, ‘‘ह्ये त्यांनी वाचलं असतं तर दोन दीस भांडलं असतं तुमच्यासंगं.’’

भांडले असते. आणि पुढच्या रविवारी सातवं प्रकरण निम्मं करून, पुन्हा लिहून घेऊन आले असते.