डोकं न दुखवणारा फोन

आमच्या लग्नाला दहा वर्षं झाली त्या दिवशी नवऱ्याने मला नवा फोन आणून दिला. तो माण गावातल्या एका आयटी कंपनीत आहे. फोन निवडायच्या आधी त्याने महिनाभर माहिती काढली होती, चार जणांना विचारलं होतं. डबा उघडला तेव्हा घरातले सगळे भोवती जमले. पडदा असा काही झळकत होता की माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, त्या म्हणाल्या, "आगं माय, हे तर टीव्हीपेक्षा ब्येस दिसायलंय!"

तिसऱ्या दिवसापासून माझं डोकं दुखायला लागलं.

सुरुवातीला फोनचा संशयही आला नाही. महाळुंग्याच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. गाडीच्या ब्रेकमध्ये बसणारी रबरी सील भिंगाखाली धरायची आणि कुठे बारीक चीर आहे का, बुडबुडा आहे का, हे दिवसभर बघायचं. अशा कामात डोळे दमायचेच, हे आम्ही सगळ्या जणी धरून चालतो. पण हे दमणं निराळं होतं. डोळ्यांच्या मागून कुणी अंगठा दाबून धरल्यासारखं व्हायचं, मग ते कपाळात चढायचं, मानेत उतरायचं, आणि शेवटी मळमळ. गुरुवारी, म्हणजे आमच्या सुट्टीच्या दिवशीही तेच. त्यात कंपनीने तपासणीचे कागद बंद केले. प्रत्येक ट्रेचा निकाल आता फोनवरच्या अॅपमध्ये भरायचा होता. म्हणजे फोन टाळायचीही सोय उरली नाही.

उपाय खूप झाले. आत्यांनी काशाच्या वाटीने तळपाय घासून दिले. त्याने झोप छान लागली, डोकं होतं तसंच राहिलं. चिंचवडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "नंबर तोच आहे. डोळे उत्तम आहेत. फोन कमी बघा."

"फोनवरच काम असतं, डॉक्टर."

"मग अधूनमधून लांब बघत जा."

मी लांब बघायला लागले. आमच्या खिडकीतून लांब म्हणजे शेजारच्या कंपनीची पत्र्याची भिंत दिसते. ती मी मन लावून पाहिली. निळा उजेड अडवणारा चष्मा केला. फोनचा प्रकाश कमी केला, आणखी कमी केला, शेवटी इतका कमी की बाजूला बसलेल्या मैत्रिणीने विचारलं, "बंद पडलाय का गं?" दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतच गेलं.

नवऱ्याला मात्र यातलं काही सांगितलं नाही. डोकं दुखतं एवढं त्याला माहीत होतं, पण एव्हाना माझ्या मनात फोनबद्दल पाल चुकचुकायला लागली होती, ते मी बोलले नाही. इतक्या हौसेने आणलेली वस्तू. तिच्याबद्दल तक्रार कोणत्या तोंडाने करायची?

मग एक दिवस मी चांगल्या सीलचा अख्खा ट्रे बाद मालाच्या लाल पेटीत ओतला. आमचे सुपरवायझर वयाने मोठे आणि शांत स्वभावाचे आहेत. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"ताई, चांगला माल बाद झाला तर मी निस्तरीन. पण उद्या उलटं झालं तर? चीर गेलेलं सील कुणाच्या तरी ब्रेकमध्ये जाऊन बसेल."

ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. परतीच्या बसमध्ये मी आमची कासारवाडी येईपर्यंत डोळे मिटून बसले होते, आणि झोप मुळीच आली नव्हती.

त्याच आठवड्यातल्या गुरुवारची गोष्ट. आत्या विहारात बायकांच्या बैठकीला गेल्या होत्या. नवरा आतल्या खोलीत बसून घरूनच काम करत होता. हॉलमध्ये मी आणि माझे सासरे. त्यांना मी मामा म्हणते. मामा तरुणपणी बीडकडून इकडे आले आणि पिंपरीच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून लागले, ते थेट निवृत्त होईपर्यंत तिथेच. माणूस अतिशय कमी बोलणारा. दहा वर्षांत आमचं मुख्य संभाषण म्हणजे, "मामा, चहा ठेवू का?" "ठेव."

त्या दुपारी त्यांनी पेपर खाली केला.

"डोकं दुखायलंय?"

"थोडंसं."

"आत्याच्या फोनवर न्हाई दुखत तुझं."

मी कपाळावरचा हात खाली घेतला.

"परवा तासभर तिच्या फोनवर बहिणीचा चेहरा बघत बोलायली होतीस. कशी हसायली होतीस. आन् हा हातात घेतला की पाव तासात कपाळ चोळायलीस. म्या पाच-सहा वेळा बघितलंय."

इतके महिने जे मी स्वतःशीही धड कबूल केलं नव्हतं, ते पेपरच्या आडून त्यांनी नोंदवून ठेवलं होतं.

मग त्यांनी मला एक जुनी हकिगत सांगितली. सलग इतकं बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांच्या कारखान्यात लेथ मशीनच्या वर ट्यूबलाइट होत्या. ट्यूब सतत पेटते असं आपल्याला वाटतं, पण ती फार वेगाने उघडझाप करत असते. त्या उघडझापीचा आणि मशीनच्या फिरण्याचा ताल जुळला की फिरणारा चक, म्हणजे लोखंडाचा तुकडा धरून ठेवणारा जबडा, थांबल्यासारखा दिसतो. एका कामगाराने तो थांबलाय असं समजून हात पुढे केला होता. मामांनी त्याला मागून खेचलं, म्हणून बोटं राहिली. त्यानंतर मामांनी ट्यूब वेगवेगळ्या फेजवर टाकून घेतल्या, म्हणजे एक विझते तेव्हा दुसरी पेटलेली असते.

"डोळ्याला दिसत न्हाई म्हणून होत न्हाई, असं नसतं पोरी," ते म्हणाले. "पडदे लाव."

मी खिडक्यांचे पडदे ओढले. मामांनी आत्यांच्या विणकामाच्या पिशवीतून एक लांब सुई काढली. माझ्या फोनवर कोरं पांढरं पान उघडायला लावलं आणि त्याच्यासमोर ती सुई झपझप डावीकडून उजवीकडे हलवली. मला एक सुई दिसली नाही. हातपंखा उघडल्यासारख्या दहा-पंधरा सुट्या सुया दिसल्या, प्रत्येक लख्ख, एकीपासून दुसरी वेगळी. मग तेच त्यांनी आत्यांच्या जुन्या फोनसमोर केलं. तिथे नुसता धुरकट पट्टा. एकही सुटी सुई नाही.

"आता तुझ्या फोनचा उजेड वाढव."

मी पूर्ण वाढवला. सुया एकमेकींत मिसळल्या, पुष्कळशा दिसेनाशा झाल्या.

"हा फोन दिवा मंद करत न्हाई. दिवा चालू-बंद करतो. उजेड जितका कमी मागशील तितका जास्त येळ बंद ठेवतो."

"म्हणजे त्रास कमी व्हावा म्हणून मी उजेड कमी करत होते, आणि…"

"व्हय. त्यानंच वाढायलाय."

मला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. मला वेड लागलं नव्हतं, मी कामचुकार नव्हते, माझ्या दुखण्याला कारण होतं आणि ते विणायच्या सुईने दिसत होतं.

"पण मग सगळ्यांचं का नाही दुखत?"

"सगळ्यांना कुठं बस लागती?" मामा म्हणाले.

तेवढ्यात लक्षात आलं की नवरा दारात उभा आहे.

"हे कधीपासून?" त्याने विचारलं.

"तू दिलास तेव्हापासून."

"आणि सांगितलं नाहीस?"

"महिनाभर शोधून आणला होतास तू."

तो माझ्या शेजारी येऊन बसला. मग म्हणाला, "तू तो कायम उपडा ठेवायचीस. मला वाटायचं, तुला आवडलाच नाही. रंग चुकला असेल, असं वाटायचं."

"रंग फार सुंदर आहे," मी म्हणाले, आणि ते खरंच होतं.

"भांडायचं आसंल तर नंतर भांडा," मामा उठत म्हणाले. "पुढच्या गुरुवारी दुकानं बघू."

पुढच्या गुरुवारी मामा इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. खिशात विणायची सुई, हातात आत्यांची काळी शाल. शाल कशाला, हे चिंचवडच्या पहिल्या दुकानात कळलं. तिथे इतका लखलखाट होता की सुईची परीक्षा होणं शक्य नव्हतं. मामांनी काउंटरवरचा फोन उचलला आणि शाल डोक्यावरून ओढून घेतली. आतून सुई हलल्याचा सपसप आवाज येऊ लागला. विक्रेता घाबरला.

"ताई, काकांना बरं वाटत नाहीये का?"

"नाही, ते फोन बघतायत," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार?

शालीतून आवाज आला, "नापास. दुसरा द्या."

त्या दुकानातले सगळे नापास झाले. दुसऱ्या दुकानातला एक पास झाला, पण त्यावर दहा मिनिटं वाचल्यावर माझ्या डोळ्यांमागे तोच अंगठा दाबला गेला. मला वाटलं, मामांचा हिरमोड होईल. त्यांनी फोन शांतपणे परत ठेवला. "सुई एकच दोष सांगती. खरं मीटर तुझं डोकं. ते न्हाई म्हणालं की न्हाई."

तिसरं दुकान पिंपरीत, लहानसं. काउंटरवर माझ्याच वयाची एक बाई होती. तिने आमचं म्हणणं मध्ये न बोलता ऐकून घेतलं, आणि दुकानाचे निम्मे दिवे स्वतःच घालवले. मग म्हणाली, "काका, आधी माझा बघा. संध्याकाळपर्यंत माझं पण डोकं उठतं." मामांनी तिला शालीत बोलावलं. आतून तिचा आवाज आला, "अगं बाई! केवढ्या सुया!" दुकानात आलेली दोन गिऱ्हाइकं आपापले फोन घेऊन रांगेत उभी राहिली. एकाचा पास झाला, तर तो परीक्षेचा निकाल लागल्यासारखा खूश झाला. दुसरा म्हणाला, "काका, माझा नापास आहे, पण माझं डोकं कधीच दुखत नाही."

"मग वापर की भावा," मामा म्हणाले. "माझं कुठं काय म्हणणं हाय?"

शेवटी त्या बाईने सगळ्यात खालच्या फळीवरून एक फोन काढला. "हा जरा जाड आहे. पडदाही जुन्या पद्धतीचा. कुणी मागत नाही, म्हणून दाखवला नव्हता."

सुई हलली. धुरकट पट्टा. उजेड अगदी कमी केला, तरी पट्टाच.

"आता बस आन् वाच," मामांनी स्टुलाकडे बोट दाखवलं. मी बसले. काय वाचावं सुचेना, म्हणून चटण्यांच्या कृती काढल्या. तिळाची, कारळाची, जवसाची. चहा आला, तो संपला. मामा आणि ती बाई ट्यूबलाइटबद्दल बोलत होते, म्हणजे मामा बोलत होते. किती वेळ गेला ते मला कळलं नाही. मान वर केली तेव्हा मामा माझ्याकडेच बघत होते.

"कितवी चटणी?"

"नववी."

"डोकं?"

मी आत शोधून पाहिलं. दात पडल्यावर जीभ जशी रिकाम्या जागी जाते, तसं. काही नव्हतं. "नाही दुखत," मी म्हणाले.

"आठ दिवस वापरा," दुकानातली बाई म्हणाली. "त्रास झाला तर बदलून देईन."

बदलावा लागला नाही. डोकं एका दिवसात थांबलं नाही. आठवडाभर जुनं दुखणं येऊन जाऊन होतं, मग दोन दिवसांनी एकदा, मग मी मोजायचंच सोडून दिलं. माझा सुंदर रंगाचा फोन आता नवरा वापरतो आणि त्याला काहीही होत नाही. माझ्या फोनला मैत्रिणी वीट म्हणतात. त्यात काढलेल्या फोटोंत आम्ही सगळ्या जणी थोड्या सावळ्या आणि बऱ्याच पुसट येतो. चालतं.

सुपरवायझरना मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी हळूच विचारलं, "ताई, तुमचे सासरे एखाद्या गुरुवारी मोकळे असतात का? माझी मिसेस पण कपाळ धरून बसते." त्या आल्या. मागोमाग आमच्या लाइनवरची एक जण आली, मग तिची जाऊ. मामा प्रत्येकीला आधी विचारतात, डोळे तपासलेत का? तपासले नसतील तर आधी डॉक्टरकडे धाडतात. मग पडदे लावायला सांगतात. आत्या कुरकुरतात की विणकाम अर्धवट पडलंय, पण पाहुण्यांना सुई कशी हलते ते सर्वांत आधी त्याच सांगतात.

मामा आता बोलतात. सगळ्यांशी नाही, पण माझ्याशी बोलतात. कारखान्याचं, बीडचं, त्यांनी पहिल्यांदा पिंपरीतले मोठे दिवे पाहिले त्या दिवसाचं. सकाळी कंपनीच्या बसमध्ये मी फोनवर कादंबरी वाचते. मोशीच्या पुढे गाड्या हमखास तुंबतात, आणि बस बंद करून ड्रायव्हर खाली उतरतो. सगळे वैतागतात. परवा मी एका प्रकरणाच्या ऐन रंगात होते आणि रस्ता मोकळा झाला. बस हलली, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, इतक्यात?" पुढच्या सीटवरच्या दोघांनी वळून माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी हसू दाबत पुन्हा पानात डोकं घातलं.