चार गरम बटणं

आमच्या घरी लॅपटॉप पाहुण्यांसारखे येतात, आठ दिवस राहतात आणि परत जातात. बायको त्यांची परीक्षा घेते. एका वेबसाइटसाठी ती नवे गेमिंग लॅपटॉप तपासून लिहिते: खेळ अडखळतो का, स्क्रीन कशी दिसते, बॅटरी किती टिकते. पंख्याचा आवाज मोजायचं यंत्र तिच्याकडे आहे, पण खरा भरवसा माझ्या दुपारच्या झोपेवर. मी जागा झालो की लॅपटॉपचा एक गुण कापला.

या वेळी आलेलं धूड वेगात कुणाच्या बापाचं ऐकणारं नव्हतं. खोड एकच निघाली. अर्धा तास खेळलं की कीबोर्डची डावी बाजू तापायची, त्यातही नेमकी खेळातली गाडी चालवायची चार बटणं. बायकोने थर्मामीटर लावला, तोंड वाकडं केलं आणि वहीत टिपून ठेवलं.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तिने गंमत म्हणून गाड्यांच्या शर्यतीला बसवलं होतं. अण्णांनी जन्मभर शिंपीकाम केलं. सहा महिन्यांपूर्वीच्या आजारपणात डाव्या हातातलं बळ गेलं आणि बोटं आखडून बसली. डॉक्टरांनी व्यायामाला रबरी चेंडू दिला, तर मी काय कुक्कुलं बाळ आहे का म्हणत त्यांनी तो कपाटामागे टाकला. आता हेच गृहस्थ जेवण झालं रे झालं की लॅपटॉपपुढे हजर. पहिल्या दिवशी गाडी सारखी भिंतीवर. तिसऱ्या दिवशी दोन बोटं सुटी झाली. पाचव्या दिवशी त्यांनी मला हरवलं आणि शेजारी जाऊन सांगूनही आले.

"गरम बटणांवर बोटं बरी चालतात," ते म्हणाले. "शेक बसतो."

आम्हा दोघांना काय आनंद झाला म्हणून सांगू!

त्यातच कंपनीच्या माणसाचा फोन आला. लेख चांगला आला तर लॅपटॉप तुमच्याकडेच राहू द्या, असं त्याने गोड आवाजात सुचवलं. बायकोने बटणं तापतात हे वाक्य तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. मी म्हटलं, एक ओळ गाळलीस तर आभाळ कोसळत नाही. इथे अण्णांच्या हाताचा प्रश्न आहे. अण्णांनी हे ऐकलं होतं. ते खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले.

"सूनबाई, कापडात डाग असला तर मी गिऱ्हाइकाला आधी दाखवायचो, मगच कात्री लावायचो. लिही, तापतं म्हणून."

"आणि तुमचा हात, अण्णा?"

"हात माझा आहे, त्याचं मी बघतो. खोट्यावर शेकलेला नको मला."

तिने लिहिलं, गुणही कापले. दोन दिवसांत लॅपटॉप परत मागवला गेला. मला सगळ्यांचाच राग आला होता, अण्णांचा जरा जास्तच. त्याच रागात खोकं बांधायला घेतलं, तर चिकटपट्टीचं टोक काही सापडेना. माझी खुडबूड अण्णांना बघवेना. त्यांनी गुंडाळी माझ्याकडून घेतली, नखाने टोक उचललं आणि पट्टी खर्रकन ओढून खोक्यावर बसवली. डाव्या हाताने.

बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. त्यांच्या स्वतःच्या लक्षातही आलं नव्हतं.

"बघत काय उभे राहिलात?" अण्णा म्हणाले. "कात्री द्या."